फुटलेला मोठा भोपळा किती टिकतो? ठाणे-नवी मुंबईच्या हवेतील हिशोब

अखंड लाल भोपळा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन-तीन महिने निमूटपणे पडून राहतो, आणि म्हणूनच तडा गेल्यावरही तो निदान आठवडाभर तग धरील, अशी नवख्या माणसाची समजूत असते. माझीही होती. काही वर्षांपूर्वी मुरबाडकडच्या नातेवाइकांनी २८ किलोंचा एक भोपळा टेम्पोतून ठाण्याला पाठवला. रस्त्यातल्या खड्ड्यांनी आपले काम चोख बजावले होते, आणि सोसायटीच्या आवारात तो उतरवताना देठापासून बुडापर्यंत गेलेली चीर दिसली. ऑगस्ट महिना होता, शनिवारची संध्याकाळ होती. उद्या सुट्टीच आहे, सकाळी निवांत कापू, असे म्हणून तो जिन्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर दुपारी चारच्या सुमारास त्याच्याकडे वळलो, तेव्हा चिरेतून ताडीसारखा आंबूस वास येत होता, भोवती चिलटे घोंघावत होती आणि बुडाशी चिकट पाण्याचे थारोळे साचले होते. बाहेरून मात्र भोपळा तसाच टणक आणि तकतकीत दिसत होता. भ्रमाचा भोपळा फुटणे म्हणजे काय, ते त्या दिवशी शब्दशः कळले.

त्यानंतर घरच्या, गच्चीवरच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अनेक फुटक्या भोपळ्यांशी गाठ पडली. त्या अनुभवावरून सांगतो की, भोपळा किती दिवस टिकेल, हा प्रश्न थेट विचारून उपयोग नसतो. तडा कुठवर गेला आहे, तो केव्हा गेला आणि बाहेर हवा कशी आहे, या तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. त्या ठरवल्या की खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत उत्तर बहुतेक वेळा दिवसांत न येता तासांत येते. फुटलेला भोपळा आहे तसा जपून ठेवण्यापेक्षा तो ताबडतोब आपणच स्वच्छ सुरीने कापला, तर तो अधिक टिकतो. हे ऐकायला उलटे वाटते, म्हणून पुढे त्याची कारणे सविस्तर दिली आहेत.

मोठा म्हणजे केवढा?

भाजीवाल्याकडे पाव किलोची फाक कापून मिळते तो भोपळा साधारण चार-पाच किलोंचा असतो. वाशीच्या बाजार समितीत किंवा ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत त्याहून बरीच मोठी फळे दिसतात. या लेखात मोठा भोपळा म्हणजे घरातल्या फ्रिजमध्ये अखंड मावणार नाही आणि एका माणसाला सहज उचलता येणार नाही, असा १५ ते ४० किलोंचा भोपळा, असे समजावे.

परदेशातल्या शर्यतींचे राक्षसी भोपळे ही वेगळी जात आहे. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातले शेतकरी हॉवर्ड डिल यांनी निवड करत करत तयार केलेल्या ‘अटलांटिक जायंट’ या वाणापासून आजचे जवळपास सगळे विक्रमी भोपळे आले आहेत. अमेरिकेतील ट्रॅव्हिस गिंगर यांनी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे सुमारे १,२४७ किलोंचा भोपळा तोलून दाखवला. २०२५ मध्ये ब्रिटनमधील स्टुअर्ट आणि इयान पॅटन या जुळ्या भावांनी सुमारे १,२७८ किलोंच्या फळाने तो विक्रमही मागे टाकला. अशी फळे ऐन वाढीच्या काळात दिवसाला १५-२० किलोंनी फुगतात, आणि सालीची वाढ आतल्या गराच्या वाढीला पुरी पडली नाही की उकलतात. त्या स्पर्धांतला एक नियम आपल्याही कामाचा आहे. सालीवरची वरवरची भेग चालते, पण तडा आतल्या पोकळीपर्यंत पोहोचला, तर फळ अधिकृत वजनासाठी बाद ठरते. घरच्या भोपळ्याचे आयुष्यही याच रेषेवर ठरते.

पहिली पायरी : वेळ नोंदवून ठेवावी

तडा दिसताक्षणी घड्याळ पाहावे आणि ती वेळ भोपळ्यावरच खडूने किंवा पेनाने लिहावी. हे कारकुनी काम वाटेल, पण घरात चार माणसे असली की ‘सकाळी फुटला’, ‘नाही, काल रात्रीच फुटला होता’ असा घोळ ठरलेला असतो, आणि पुढचे सगळे निर्णय या एका वेळेवर अवलंबून असतात. तडा केव्हा गेला हे कोणालाच ठाऊक नसेल, आपण गावाहून परतलो आणि भोपळा उकललेला दिसला, तर तो खाण्यासाठी वापरू नये. अशा वेळी हळहळ वाटते, पण फळाच्या पोटात किती वेळ काय चालले होते, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही.

दुसरी पायरी : तड्याची खोली पाहावी

भोपळा हलवण्यापूर्वी ही तपासणी करावी, कारण उचलताना अर्धवट गेलेली चीर आरपार जाण्याचा संभव असतो. भोपळ्याखाली गोणपाटाची किंवा जुन्या साडीची मोठी चुंबळ सरकवून तो डुगडुगणार नाही असा बसवावा, तड्यावर विजेरीचा झोत टाकावा आणि चिरेच्या कडा नीट न्याहाळाव्यात.

केवळ साल तडकली असेल, आत फिकट गर दिसत असेल आणि ओल नसेल, तर ती जखम उथळ आहे. भोपळ्याच्या अंगात अशी जखम भरून काढण्याची शक्ती असते. उघड्या पडलेल्या पेशींवर काही दिवसांत बुचासारखा कोरडा, खरखरीत थर धरतो. शेतात काढणीनंतर भोपळे आठ-दहा दिवस उबदार जागी ठेवून मुरवण्याची पद्धत याच गुणावर उभी आहे. मात्र हा थर धरण्याआधीच जखमेत बुरशी शिरली, तर ती भरून येत नाही.

चीर गरात शिरली असेल, पण तळाशी घट्ट गरच दिसत असेल, तर जखम मध्यम आहे. चिरेतून तंतू किंवा बिया दिसत असतील, आतून थंड, ओलसर हवा जाणवत असेल, किंवा भोपळा किंचित कलता केल्यावर पाणी पाझरत असेल, तर तडा पोकळीपर्यंत गेला आहे, यात शंका नाही. संशय असल्यास खोली मोजायला काडी, विणकामाची सुई किंवा बोट आत खुपसू नये. जिथे जंतू पोहोचले नव्हते, तिथे आपणच ते पोहोचवतो. संशय असलेला प्रत्येक तडा पोकळीपर्यंत गेला आहे असेच मानून चालावे.

पोकळी उघडी पडल्यावर आत काय होते

भोपळ्याच्या गरात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, थोडी साखर असते आणि आंबटपणा जवळजवळ नसतोच. टोमॅटो किंवा चिंचेसारख्या फळांत आम्ल असल्याने अनेक जीवाणूंना तिथे वाढता येत नाही. भोपळ्यात त्यांना अडवणारे असे काही नाही. संरक्षण म्हणाल तर एकच, ते म्हणजे बाहेरची जाड साल. ही साल अखंड असेपर्यंत किल्ला शाबूत असतो आणि ती फुटली की दरवाजाच नसलेला वाडा उरतो.

सर्वांत आधी सडतो तो बियांभोवतीचा तंतुमय, बुळबुळीत गाभा. तो गरापेक्षा ओला असतो आणि त्याची वीण विरळ असते, त्यामुळे हवेतून आलेले जीवाणू आणि बुरशीचे बीजाणू तिथे लगेच रुजतात. मऊ कूज करणारे जीवाणू आणि पावावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीची भावंडे असे पाचक रस सोडतात, की पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पेक्टिनचा लेप विरघळून जातो. विटांमधला चुना धुऊन गेला की भिंत जशी ढासळते, तसा गर ढासळतो आणि त्यातले पाणी पोकळीत साचते. त्या पाण्यात साखर असते, ती आंबू लागते, आणि ताडीसारखा वास येतो तो त्या आंबण्याचा. हे सगळे आतून बाहेर असे घडते, म्हणून बाहेरची साल शेवटपर्यंत शहाजोगपणे टणक राहते. सालीवर बोट दाबून भोपळा चांगला आहे असे ठरवणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

मोठेपणाचाही येथे तोटाच होतो. इतके मोठे फळ इतक्या लवकर सडेल कसे, असे आपल्याला वाटते. पण चार किलोंचे फळ संध्याकाळी लवकर निवते, तर दिवसभर गच्चीवर किंवा टेम्पोत तापलेले ३० किलोंचे फळ रात्र सरली तरी पोटात ऊब धरून असते. शिवाय तोडलेला भोपळाही श्वसन करतच असतो, त्याची उष्णता आतच कोंडते आणि जखमी फळाचे श्वसन अधिक वेगाने चालते. तापमान दहा अंशांनी वाढले की असे जैविक व्यवहार साधारणपणे दुप्पट-तिप्पट वेगाने होतात. अखंड भोपळ्यासाठी आदर्श मानले जाणारे तापमान १० ते १३ अंश सेल्सिअस आणि हवेतील आर्द्रता ५० ते ७० टक्के असते. जुलैतल्या ठाण्यात रात्रीही २५ अंशांच्या आसपास ऊब असते आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. थंड प्रदेशात ऑक्टोबरमध्ये उकललेला भोपळा आठ-दहा दिवस शोभेसाठी अंगणात राहिला, हे वाचून आपण आपला अंदाज बांधू नये.

तिसरी पायरी : आपल्या हवेत किती वेळ मिळतो

पुढील आकडे माझ्या अनुभवातून बांधलेले ढोबळ अंदाज आहेत. ते भोपळा सडेपर्यंतचे आहेत, खाण्यायोग्य राहण्याचे नव्हेत, हा भेद पक्का लक्षात ठेवावा.

केवळ सालीवरची भेग असेल, तर भोपळा कोरड्या, वाऱ्याच्या जागी महिनाभर सहज राहतो, पण अखंड फळासारखा तीन महिने ठेवण्याचा हट्ट धरू नये आणि घरातल्या भोपळ्यांत तोच आधी वापरावा. पावसाळ्यात अशा भेगेवरही पांढरा लव धरू शकतो, म्हणून दर दोन दिवसांनी पाहावे. चीर गरात गेली असेल, तर जून ते सप्टेंबर या काळात दोन-तीन दिवस आणि डिसेंबर-जानेवारीत आठवडाभर मिळतो. पोकळी उघडी पडली असेल, तर पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात चोवीस तासांत सडण्याची लक्षणे दिसतात आणि दोन दिवसांत भोपळा बसू लागतो. थंडीच्या ऐन दिवसांत, सावलीत, पंख्याखाली ठेवला, तर तीन-चार दिवस लागतात. एप्रिल-मेमध्ये हवा तुलनेने कोरडी वाटते, म्हणून काही जण निर्धास्त राहतात. पण ठाणे-वाशी-नेरूळ पट्ट्यात खाडीची दमट हवा तेव्हाही असते आणि उष्मा जास्त असल्याने वेळ वाढत नाही.

खाण्याचा हिशोब याहून फार कडक आहे. कापलेली फळे आणि भाज्या खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक ठेवू नयेत, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. पोकळीपर्यंत फुटलेला भोपळा म्हणजे कापलेलाच भोपळा. तो विळीने कापला की खड्ड्याने, याने जीवाणूंना काही फरक पडत नाही. म्हणून आपल्या डोळ्यांदेखत फुटलेला भोपळाच खाण्यासाठी घ्यावा आणि त्याचे काम त्याच तासा-दोन तासांत मार्गी लावावे.

चौथी पायरी : ताबडतोब कापावा

आपल्याकडे अखंड भोपळ्याला किंवा कोहळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची, असा जुना रिवाज अनेक घरांत आहे. रिवाज पाळायचा असेल तर अवश्य पाळावा. परंतु घरातले पुरुषमाणूस रात्री नऊच्या लोकलने येणार म्हणून फुटका भोपळा दुपारी बारापासून वाट पाहत ठेवू नये. फुटण्याचा मान खड्ड्याने आधीच घेतलेला असतो.

आधी साल धुवावी, मग कापावे. साल मातीने माखलेली असते आणि सुरी त्या मातीतून थेट गरात जाते. मात्र तड्यावर पाण्याची धार सोडू नये, कारण ते पाणी घाण घेऊन पोकळीत उतरते. तड्याच्या आसपासचा भाग ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावा आणि बाकीची साल धुऊन कोरडी करावी. हात, सुरी, पाट आणि भांडी साबणाने स्वच्छ धुतलेली असावीत. मोठा भोपळा टेबलावर किंवा ओट्यावर चढवण्याचा खटाटोप करू नये. जमिनीवर स्वच्छ प्लास्टिक अंथरून, खाली ओल्या कापडाची चुंबळ देऊन तेथेच बसावे. गोल, निसरड्या फळावर कोयता उगारणे धोक्याचे असते, म्हणून लांब पात्याची जाड सुरी तड्यातच घालावी आणि तड्याच्या रेषेने भोपळा उघडावा. वाट त्यानेच करून दिलेली असते. विळा आणि भोपळा यांचे सख्य प्रसिद्ध आहेच, पण विळीवर इतका मोठा भोपळा धरण्याच्या भानगडीत पडू नये; त्याच्या मोठ्या फाका करून झाल्यावर मग विळी घ्यावी.

उघडल्यावर पहिल्यांदा वास घ्यावा. ताज्या भोपळ्याला काकडी किंवा कलिंगडाच्या सालीसारखा हलका, हिरवा वास असतो. आंबूस, दारूसारखा किंवा कुजकट वास आला, गाभ्यात कुठेही कापसासारखी पांढरी किंवा काळी बुरशी दिसली, किंवा गर बोटाखाली बुळबुळीत लागला, तर संपूर्ण भोपळा खाण्यातून बाद करावा. एवढा मोठा आहे, एका बाजूचा तरी वापरू, हा मोह आवरावा, कारण पोकळी एकच असते आणि तिच्यातले पाणी सगळ्या भिंतींना लागलेले असते.

सर्व काही ताजे असेल, तर तंतू आणि बिया मोठ्या चमच्याने खरवडून लगेच वेगळ्या कराव्यात. सडण्याची सुरुवात या गाभ्यापासून होते, म्हणून तो काढून टाकला की गराचे आयुष्य वाढते. मग तड्याच्या दोन्ही कडांचा साधारण चार बोटे रुंदीचा पट्टा कापून टाकावा. नासाडी वाटली तरी हा पट्टा भाजीत घालू नये. उरलेल्या भोपळ्याच्या हाताएवढ्या फाका कराव्यात. फ्रिजमध्ये ठेवायच्या फाकांची साल काढू नये, ती तेवढी बाजू राखते.

शिजवण्यापूर्वी गराचा छोटा तुकडा जिभेच्या टोकाला लावून पाहावा. तो कडू लागला, तर थुंकून टाकावा आणि भोपळा फेकून द्यावा. काकडीवर्गीय फळांत कधी कधी क्युकरबिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्ये तयार होतात, ती शिजवल्याने जात नाहीत आणि त्यांनी तीव्र उलट्या-जुलाब होतात. कडू दुधीच्या रसाने लोक गंभीर आजारी पडल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत आणि लाल भोपळा त्याच कुळातला आहे. घरच्या बियांपासून गच्चीवर उगवलेल्या वेलाचे फळ असेल, तर ही चव घेणे मुळीच टाळू नये.

पाचवी पायरी : वाटणे, शिजवणे, गोठवणे

२० किलोंच्या भोपळ्याचा चार माणसांच्या घरात निकाल लागत नाही, हे आधीच मान्य करावे. फाका झाल्या की निम्म्याहून अधिक माल सोसायटीत वाटून टाकावा. त्या दिवशी सगळ्या मजल्यांवर एकच भाजी शिजते, त्याला इलाज नाही. फाक देताना ‘आजच फुटला आहे, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा’ हे सांगायला विसरू नये. घेणाऱ्याने ती अखंड भोपळ्याची फाक समजून टोपलीत ठेवली, तर आपली सगळी मेहनत वाया जाते.

घरी ठेवायच्या फाका स्वच्छ सुती कापडाने टिपून, डब्यात किंवा घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानात ठेवाव्यात. एरवी कापलेला भोपळा असा चार-पाच दिवस चांगला राहतो, पण फुटलेल्या भोपळ्याच्या फाकांना मी तीन दिवसांपेक्षा अधिक मुदत देत नाही. डब्यात पाणी सुटले किंवा फाकेच्या कडा चिकट झाल्या, तर मुदतीकडे न पाहता ती फेकावी. फ्रिज गच्च भरू नये. आत हवा खेळली नाही, तर थर्मोस्टॅटवरचा आकडा काहीही असो, मधल्या फाका उबदारच राहतात.

त्याहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर गोठवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. फाका साल काढून, मऊ होईपर्यंत वाफवून घ्याव्यात, गर घोटावा, परात थंड पाण्यात ठेवून तो भराभर निववावा आणि एका वेळेला लागेल एवढ्या मापाच्या पिशव्यांत चपटा भरून फ्रीझरमध्ये ठेवावा. उणे १८ अंशांवर असा गर आठ-दहा महिने चांगला राहतो. घरच्या छोट्या फ्रीझरमध्ये तेवढी थंडी बहुधा नसते आणि वीजही जाते, म्हणून तीन-चार महिन्यांत संपवलेला बरा. कच्चा भोपळा किसून गोठवला, तर उतरल्यावर पाणी सुटून त्याचा लगदा होतो. घारग्यांना तो चालतो, भाजीला नाही. घारगे करायचेच असतील, तर गूळ आणि किसलेला भोपळा एकत्र शिजवून तो गोळा गोठवावा, नंतर उतरवून फक्त पीठ मिसळायचे राहते. वाफवलेल्या गराचे दही घातलेले भरीत मात्र केल्या दिवशीच संपवावे.

एक गोष्ट मुळीच करू नये. शिजवलेला गर बरणीत भरून, झाकण घट्ट लावून, लोणच्यासारखा कपाटात ठेवण्याचे प्रयोग काही हौशी मंडळी करतात. लोणच्यात मीठ, तेल आणि आम्ल असते. भोपळ्याच्या गरात यांपैकी काही नसते, आणि हवाबंद, आंबट नसलेल्या अशा अन्नात बोट्युलिझमचे घातक विष तयार होऊ शकते. त्याचा वास किंवा चव येईलच असे नाही. घोटलेला गर घरच्या घरी सुरक्षितपणे बरणीबंद करण्याची खात्रीची रीत नाही.

शोभेसाठी ठेवायचा असेल तर

ठाण्याच्या मोठ्या संकुलांत अलीकडे ऑक्टोबरअखेरीस कोरलेल्या भोपळ्यांची हौस वाढली आहे आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच की, दहा दिवस आधी कोरून ठेवला तर चालेल का. चालणार नाही. कोरलेला भोपळा म्हणजे मुद्दाम फोडलेला भोपळा, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्याला दोन, फार तर तीन दिवस मिळतात. आदल्या दिवशी कोरावा, गाभा पूर्ण खरवडावा, आतून कोरडा पुसावा आणि रात्री जागा असेल तर फ्रिजमध्ये ठेवावा. कापलेल्या कडांना व्हॅसलिन लावले, तर त्या लवकर सुकून आकसत नाहीत. पण त्यामुळे सडणे थांबत नाही. ब्लीचचे पाणी किंवा बुरशीनाशक पूड लावलेला कोणताही भोपळा नंतर माणसाने किंवा जनावराने खाऊ नये. घरात काम करणाऱ्या मावशींना तो ‘घेऊन जा’ म्हणून देण्याआधी हे आठवावे.

फुटू नये म्हणून

गच्चीवर वेल असेल, तर उकलण्याचे मुख्य कारण पाण्याची अनियमितता हे असते. आठवडाभर कोरडे ठेवून एकदम बादलीभर पाणी घातले, किंवा मे महिन्यातल्या तहानलेल्या वेलावर पहिला जोराचा पाऊस पडला, की मुळे भसाभस पाणी ओढतात, गर फुगतो आणि उन्हाने कडक झालेली साल ताणली जाऊन तडकते. पक्व फळे पहिल्या पावसाआधी दोन बोटे देठ ठेवून उतरवावीत. वाढते फळ तापलेल्या सिमेंटवर टेकू देऊ नये, खाली पेंढा किंवा फळी द्यावी. आणि टेम्पोतून आणताना भोपळा देठाला धरून उचलू नये. तो मोडला, तर तिथेच पोकळीपर्यंतची वाट उघडते. घोडबंदर रस्त्याने येणार असेल, तर भाताचा पेंढा दुप्पट घ्यावा.

सडल्यावर काय करावे

खाण्यातून बाद झालेला, पण न सडलेला भोपळा तुकडे करून गोशाळेला चालतो. आंबलेला किंवा बुरशी आलेला गुरांनाही देऊ नये. तो ओल्या कचऱ्यात किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात जावा. भोपळा म्हणजे बहुतांशी पाणीच असल्याने एकदम टाकला, तर खड्डा चिखल होऊन घाण वास सुटतो. छोटे तुकडे करून त्यांच्याबरोबर किमान तेवढाच वाळका पालापाचोळा किंवा नारळाचा भुसा थराथराने घालावा आणि वर कोरडा थर द्यावा, म्हणजे चिलटे बसत नाहीत. अखंड सडका भोपळा उचलायचा झाल्यास खालून हात घालू नयेत, कारण बूड सर्वांत आधी विरघळते. जुने पोते शेजारी पसरून त्यावर तो लोटावा आणि पोत्याची चारी टोके दोघांनी मिळून उचलावीत. जिथे भोपळा होता ती फरशी साबणाच्या पाण्याने त्याच दिवशी धुवावी, कारण चिलटांची अंडी दिवसभरात उबतात. बिया आधी काढून घेतल्या नसतील, तर त्या खतात शिल्लक राहतात आणि पुढच्या पावसात त्या खतावर वाढवलेल्या मोगऱ्याच्या कुंडीतून भोपळ्याचा वेल वर येतो. आमच्याकडे तो आला, गच्चीच्या कठड्यावर चढला, आणि त्याला धरलेल्या पहिल्या फळाची मी मात्र आधी चव घेऊन पाहिली. ते कडू निघाले.